पान्हा, पाठ आणि खुर्चीचे हात

१९४८ साली अमेरिकेत मायकेल आणि नाइल्स न्यूटन या जोडप्याने एक चमत्कारिक प्रयोग केला. अंगावर पाजणाऱ्या एका आईला काही वेळा त्यांनी निवांत पाजू दिलं आणि काही वेळा पाजतानाच मुद्दाम त्रास दिला. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावले, पायाची बोटं दुखेपर्यंत ओढली, भराभर गणितं सोडवायला लावली. पाजण्याआधी आणि पाजल्यावर बाळाचं वजन केलं की पोटात किती दूध गेलं ते कळतं. निवांत वेळी सरासरी १६८ ग्रॅम दूध गेलं आणि त्रासाच्या वेळी ९९. मग त्रास तसाच चालू ठेवून आईला ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं, तर आकडा परत १५३ वर आला. दूध स्तनात तयार होतंच, त्रासामुळे पान्हा फुटत नव्हता.

एका आईवरच्या प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये, हे खरं. पण त्यानंतर रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजता येऊ लागलं आणि १९९४ साली जपानी संशोधकांनी पाजणाऱ्या आयांमध्ये तेच पाहिलं: गोंगाट किंवा मनावर ताण असला की ऑक्सिटोसिनच्या लाटा कमी येतात. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन मात्र फारसं ढळत नाही. बाळ चोखायला लागलं की त्या स्पर्शाचा निरोप आईच्या मेंदूपर्यंत जातो, पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटतं, ते रक्तातून स्तनात येतं आणि दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या बारीक स्नायूपेशी आवळतं. ही साखळी दुखण्याने, भीतीने, अवघडलेपणाने अडखळते.

अवघडलेपणाचं एक अगदी साधं कारण आपल्या घरात असतं आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर नागपुरात सातव्या महिन्यापासून तयारी सुरू होते. डिंक येतो, अळीव येतो, मालिशवाली बाई ठरते, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून होतात. बाळंतीण दिवसभर बसणार कशावर, हा प्रश्न मात्र ती दवाखान्यातून घरी आल्यावरच पडतो. आणि मग ती सापडेल तिथे बसते: दिवाणाच्या काठावर, हॉलमधल्या खोल सोफ्यात, नाहीतर प्लॅस्टिकच्या खुर्चीत.

नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा पितं. सुरुवातीच्या आठवड्यांत एकेका वेळेला वीस मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. हिशेब केला तर दिवसाला चार-पाच तास सहज होतात. म्हणजे बँकेतल्या कारकुनाच्या अर्ध्याहून जास्त ड्यूटीएवढं बसणं, तेही हातात तीन किलोचं वजन धरून आणि रात्रपाळीसकट.

तीन किलो म्हणजे काही फार नाही, असं वाटतं. पण कोपरात वाकवलेला हात ही तरफ आहे. दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला असतो आणि बाळाचं वजन पडतं ते त्यापासून वीस-पंचवीस सेंटिमीटर पुढे. त्यामुळे हात अधांतरी असेल तर तीन किलोचं बाळ पेलायला स्नायूंना पंधरा किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. शिवाय हा जोर स्थिर असतो. चालताना स्नायू आवळतात आणि सैल पडतात, त्यात रक्त खेळतं राहतं. एकाच स्थितीत आवळून धरलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही आणि तो लवकर थकतो. थकलेला हात हळूहळू खाली येतो, हाताबरोबर बाळ खाली येतं आणि बाळाच्या तोंडातून स्तनाग्र निसटू नये म्हणून आई पुढे वाकते. साडेचार-पाच किलोचं डोकं पुढे झुकलं की मानेचे स्नायू ते मागे ओढून धरतात. बाळाची पकड सैल होते, ते फक्त स्तनाग्र चावत बसतं, चिरा पडतात, दुखतं. आणि दुखलं की पान्हा अडखळतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘हिला दूधच पुरत नाही.’

दूध पुरतं की नाही हे ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि दोन आठवड्यांच्या सुमाराला जन्माच्या वजनावर परत आलं असेल, तर दूध पुरतं आहे. या खुणा दिसत नसतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं, खुर्ची बदलून ते भागणार नाही. पण खुणा ठीक असूनही पाजणं नकोसं होत असेल, तर पावडरच्या दुधाचा डबा आणायच्या आधी आई कशी बसते ते पाहावं.

बाळंतपणानंतरचं शरीरही नेहमीचं नसतं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सैल पडलेले कटीचे सांधे आणि अस्थिबंध पूर्ववत व्हायला काही आठवडे ते महिने जातात. पोटाचे स्नायू ताणलेले असतात, त्यामुळे पाठीला पुढून मिळणारा आधार कमी पडतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात दुखणं नव्या आयांमध्ये इतकं नेहमीचं आहे की इंग्रजीत त्याला आईच्या अंगठ्याचंच नाव पडलं आहे. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ साली त्याचं वर्णन केलं. बाळाचं डोकं अंगठा ताणून, मनगट वाकवून पुन्हापुन्हा धरल्याने तिथल्या स्नायुबंधाच्या आवरणाला सूज येते.

आता खुर्ची. दुकानात गेलं की विक्रेता आधी गादीचा मऊपणा दाखवतो. मी म्हणेन, आधी हात पाहा, खुर्चीचे. खांदे सैल सोडून बसल्यावर कोपर जिथे येतं, त्याच उंचीवर खुर्चीचा हात हवा. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना तो बैठकीपासून साधारण २० सेंटिमीटरवर लागतो. हात त्याहून उंच असला तर खांदे कानाकडे चढतात, खाली असला तर बाळ खाली जातं. खाली असलेला हात उशी ठेवून वर आणता येतो, उंच हाताला काही इलाज नाही. म्हणून शंका असेल तर कमी उंचीचा घ्यावा. हात रुंद आणि गादी लावलेला असेल तर उत्तम, कारण बाळाचं डोकं त्याच बाजूला येतं.

दुसरं माप बैठकीच्या उंचीचं. माणसाच्या गुडघ्यामागच्या खळगीची उंची त्याच्या एकूण उंचीच्या साधारण पाव भाग असते. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तिला ३८ सेंटिमीटर उंचीची बैठक हवी. बाजारातल्या खुर्च्या ४२ ते ४५ सेंटिमीटरच्या असतात. पाय लटकतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि पायांतून रक्त परत वर यायला अडथळा होतो. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे ही तक्रार निव्वळ आरामाची नाही. उपाय फुकट आहे: पायाखाली पाट. जेवायचा, देवघरातला, कुठलाही. पाय टेकले की गुडघे किंचित वर येतात, मांडीला उतार मिळतो आणि बाळ पुढे घसरत नाही.

बैठक किती खोल आहे, हे माप लोक विसरतात. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. हॉलमधला सोफा पाच माणसं ऐसपैस बसावीत म्हणून केलेला असतो, त्याची बैठक ५५-६० सेंटिमीटर खोल. त्यात बुटकी बाई पाठ टेकायला गेली तर पाय वर येतात आणि पाय टेकायला गेली तर पाठ सुटते. पाठीमागे लोड किंवा घडी केलेली गोधडी घातली की तोही कामाचा होतो, पण खाली रुतणारा फोम असेल तर नाही. टाके घातलेल्या बाईला त्यातून बाळासकट उठणं ही शिक्षाच असते.

पाठ का टेकायची, याचं मोजमाप झालेलं आहे. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त निघाला. पाठ मागे कललेली असेल, कमरेला उशी असेल आणि हात टेकलेले असतील, तर दाब उतरत गेला. पुढे १९९९ साली जर्मनीत झालेल्या मोजणीत बसण्या-उभं राहण्यातला फरक एवढा दिसला नाही, पण मागे रेलून बसण्याचा फायदा तिथेही दिसला. घरातल्या आज्या हे सुईशिवाय सांगतात: ‘टेकून बस न बाप्पा!’

ताठ ९० अंशांत बसलंच पाहिजे, हा समज मात्र सोडायला हवा. ब्रिटनमधल्या सुझान कोलसन यांनी २००८ साली मांडलं की आई आरामात मागे रेललेली असली आणि बाळ तिच्या अंगावर पालथं असलं, तर बाळाच्या जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया त्याला मदत करतात. बाळाचं वजन आईच्या छातीपोटावर पडतं आणि हातांना पेलायला काही उरत नाही. यासाठी पाठ थोडी मागे जाणारी खुर्ची चांगली. सिझेरियन झालेल्या बाईने मात्र बाळ आडवं धरून टाक्यांवर आणू नये. बाळ काखेखाली, पाय आईच्या पाठीकडे करून धरावं. त्यासाठी खुर्चीच्या दोन हातांमध्ये उशी मावेल इतकी रुंदी लागते. खाली टाके असतील तर कडक लाकडी बैठकीवर जाड, मऊ गादी हवीच.

खुर्चीच का, असं कोणी विचारलं तर तेही बरोबर आहे. भिंतीला टेकून मांडी घालून बसलं की मांडीचाच खळगा होतो, बाळाला जागा मिळते आणि गुडघ्यांवर कोपरं टेकतात. अडचण एवढीच, की मांडी घातल्यावर कटी मागे वळते आणि कमरेचा बाक नाहीसा होतो. बुडाखाली घडी केलेली चादर घेऊन ते चार बोटं उचललं तर बाक परत येतो. टाके ताजे असताना मात्र जमिनीवरून उठणं-बसणं टाळावं. सैल विणीची बाज झोपायला छान, पाजायला वाईट: मधे खड्डा पडतो आणि बाई दुमडते.

महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत अजून बंगई, म्हणजे झोपाळा, असते आणि सुनेला तिच्यावर बसून पाजायचा मोह होतो. बाळाला हालचाल आवडते, यात शंका नाही. २०२२ साली जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी पाहिलं की रडणारं बाळ आई घेऊन चालली किंवा हलत्या पाळण्यात ठेवलं तर शांत होतं. नुसतं घेऊन बसल्याने तसं होत नाही. पण हा फायदा पिऊन झाल्यानंतरचा. पहिल्या आठवड्यांत बाळाला पकड शिकायची असते, तेव्हा बैठक हलू नये. झुलत्या खुर्चीचंही तेच. शिवाय घरात रांगतं किंवा दुडदुडतं भावंड असेल तर तिच्या कमानीखाली बोटं सापडतात.

खास स्तनपानासाठी म्हणून विकली जाणारी महागडी खुर्ची घ्यायची गरज मला दिसत नाही. बहुतेक वेळा तिची मापं उंच बायकांची असतात. लकडगंजमधल्या सुताराकडून घरच्याच जुन्या खुर्चीचे पाय चार सेंटिमीटर कापून घेतले आणि हातांवर गादी ठोकून घेतली, तर ती जास्त कामाची होते. नवीनच घ्यायची तर आईने स्वतः दुकानात दहा-पंधरा मिनिटं हातात पिशवी धरून बसावं. लाजू नये.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा रेक्झिन अंगाला चिकटतं. घाम उडत नाही, तिथे घामोळ्या येतात. वेताची किंवा पट्ट्यांची पाठ आणि वर सुती खोळ हे या शहराला शोभणारं काम. कूलर समोरून थेट बाळावर नको, आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट हवा साचते. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, बाळाला पाणी पाजायचा आग्रह होतो, तो मानू नये. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं आणि सहा महिन्यांपर्यंत, उन्हाळ्यातही, बाळाला वेगळं पाणी लागत नाही. पाणी आईला लागतं. पान्हा फुटताना अनेकींना एकदम तहान लागते, तेव्हा हात पोहोचेल असा पाण्याचा तांब्या खुर्चीशेजारी भरलेला असावा.

त्याच वेळी झोपही येते आणि इथे आरामाची खुर्ची घातक ठरते. सोफ्यात किंवा गुबगुबीत खुर्चीत आईला डुलकी लागली तर बाळ तिच्या अंगाखाली किंवा गाद्यांच्या फटीत सरकून गुदमरू शकतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की झोप लागण्याची शक्यता वाटत असेल तर सोफ्यापेक्षा पलंगावर पाजणं कमी धोक्याचं; तिथेही उशा, जाड पांघरुणं बाळाजवळून काढलेली हवीत आणि जाग आली की बाळाला त्याच्या स्वतंत्र जागी पाठीवर झोपवावं. रात्री दोन वाजता खुर्चीतच बसायचं असेल तर घरातल्या आणखी एकाने उठावं. बाळ पिऊन झालं की त्याला उचलून पाळण्यात ठेवायचं काम त्याचं.