‘तुर्की वृत्तपत्राने म्हटले’ म्हणजे नेमके कोण बोलले? आपला अग्रलेख आणि त्यांचा कोपरा

मे २०२५ मध्ये, तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदे घ्यायची नाहीत असे ठरवले. त्याच सुमाराला माझ्या फोनवर एकाच साच्याचे निदान दहा-बारा मजकूर येऊन पडले. ‘तुर्कस्तानच्या वृत्तपत्राने अमुक म्हटले’, ‘तुर्की माध्यमांची तमुक भूमिका’. त्यातले जेवढे मूळ तुर्कीत शोधून वाचता आले, ते सगळे सहीचे लेख निघाले. एका माणसाने लिहिलेले, त्याच्या नावाने आणि फोटोसकट छापलेले. वृत्तपत्राने स्वतः काहीच म्हटले नव्हते.

ही गल्लत मी कित्येक वर्षे पाहतो आहे. नाटोची बैठक असो, स्वीडनच्या प्रवेशाचा घोळ असो की इस्तंबूलची निवडणूक, चांगले जाणकार लोकसुद्धा तीच करतात. कारण आपण त्यांचा लेख आपल्या अग्रलेखाच्या चष्म्यातून वाचतो.

अग्रलेख काय असतो हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यावर नाव नाही, सही नाही. बोलते ते पत्र. म्हणूनच १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. हल्लीच्या काळात ‘सामना’ने ही सवय आणखी पक्की केली. ‘सामनाच्या अग्रलेखात म्हटले आहे’ असे सकाळी कानावर पडले की पक्षाची भूमिका कळली असे आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पत्र, पक्ष आणि मत एका सरळ रेषेत उभे असतात.

तुर्कीतही ‘बाशयाझी’ नावाचा प्रकार आहे. शब्दशः मुख्य लेख. ‘जुम्हुरियेत’चे संस्थापक युनुस नादी आणि पुढे त्यांचे चिरंजीव नादिर नादी यांनी तो चालवला. पण त्यावरही बहुधा लिहिणाऱ्याचे नाव असते, आणि बहुतेक दैनिकांत आपल्यासारखा रोजचा निनावी अग्रलेख नसतोच. राजकीय मत सापडते ते ‘क्योशे’त. क्योशे म्हणजे कोपरा. फारसी ‘गोशा’ तुर्कीत जाऊन क्योशे झाला आणि आपल्याकडे येऊन ‘गोषा’ झाला. आपला शब्द पडद्याआड गेला, त्यांचा चव्हाट्यावर आला. ‘क्योशे याझारी’, म्हणजे कोपऱ्याचा लेखक, हा तिथल्या वृत्तपत्रातला सर्वांत ओळखीचा चेहरा असतो. लोक पेपरला चिकटून राहत नाहीत, लेखक दुसरीकडे गेला की त्याच्यामागे पेपर बदलतात.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. अग्रलेखाची जागा ठरलेली, क्योशे पहिल्या पानावरही येतो आणि शेवटच्याही. एकेक लेखक आठवड्यातून चार-पाच दिवस लिहितो. भाषा बोलीला जवळची, परिच्छेद कधी एकाच वाक्याचे. कोणी त्याला मराठीत ‘सदर’ म्हणतात, ते मला पटत नाही. सदर म्हटले की आपल्याला रविवारची पुरवणी आठवते, आणि क्योशे हा सोमवारी सकाळी मंत्रालयात वाचला जाणारा मजकूर आहे. ‘स्तंभ’ चालेल. आणि एक कळकळीची विनंती: ‘हुर्रियेत’ आणि ‘जुम्हुरियेत’ ही दोन वेगळी दैनिके आहेत. पहिले म्हणजे स्वातंत्र्य, १९४८ मध्ये निघालेले, खपाचे, २०१८ पासून सरकारशी जुळवून घेणाऱ्या देमिरओरेन समूहाच्या हातात. दुसरे म्हणजे प्रजासत्ताक, १९२४ चे, केमालवादी, म्हणजे केमाल अतातुर्क यांच्या धर्मनिरपेक्ष विचारांचे. यमक जुळते म्हणून एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालू नये.

आता खरा मुद्दा. आवाज कोणाचा?

क्योशेतले मत आधी त्या माणसाचे असते, आणि त्याची किंमतही तोच माणूस मोजतो. आपल्याकडे अग्रलेखाची शिक्षा संपादकाला, तिथे लेखाची शिक्षा लेखकाला. उघुर मुमजू ‘जुम्हुरियेत’मध्ये ‘ग्योझलेम’ म्हणजे ‘निरीक्षण’ या नावाने लिहीत. २४ जानेवारी १९९३ रोजी अंकाऱ्यात घरासमोर त्यांच्या मोटारीत बॉम्ब फुटला आणि ते गेले. २०१३ मध्ये ‘मिल्लियेत’ने इमराली बेटावरच्या तुरुंगात कुर्द बंडखोरांचा नेता ओजालान याच्याशी झालेल्या बोलण्यांचे इतिवृत्त छापले. हसन जेमाल यांनी आपल्या स्तंभात त्याची पाठराखण केली, पंतप्रधान एर्दोआन यांनी जाहीरपणे आगपाखड केली, आणि मार्च संपायच्या आत जेमाल ‘मिल्लियेत’मध्ये उरले नव्हते. पेपर चालूच राहिला. एमिन च्योलाशान ‘हुर्रियेत’मधून सरकारवर कडाडून टीका करत. २००७ मध्ये त्यांना काढण्यात आले, ते त्याच वर्षी निघालेल्या ‘स्योझ्जू’त गेले आणि वाचक सोबत घेऊन गेले. या माणसांच्या वाक्यांपुढे ‘पत्राची भूमिका’ असे लिहिणे म्हणजे त्यांनी एकट्याने मोजलेली किंमत पुसून टाकणे. मला या गल्लतीचा राग येतो तो मुख्यतः यासाठी.

एकाच पेपरात दोन कोपरे किती लांब असू शकतात हेही पाहा. ‘हुर्रियेत’मध्ये काही वर्षे एकाच वेळी अब्दुलकादिर सेल्वी यांनी लिहिले आहे आणि सेदात एर्गिन यांनीही. एर्गिन परराष्ट्र धोरणावर कागदपत्रे, ठरावांची कलमे, तारखा लावून लिहिणारे. सेल्वी यांचे बलस्थान वेगळे: ‘कुलिस’. मूळ फ्रेंच शब्द, रंगमंचाच्या विंगेसाठीचा. आपल्याकडे ‘आतल्या गोटातून कळते’ असे म्हणतात तेच. सत्ताधारी पक्षाच्या बैठकीत काय झाले, मंत्रिमंडळात कोण जाणार, हे त्यांच्या स्तंभात आधी येते. आता ‘हुर्रियेतने म्हटले’ असे कोणी लिहिले, तर यातले कोण म्हणाले? एर्गिन म्हणाले असतील तर तो एका जुन्या पत्रकाराचा अभ्यास आहे. सेल्वी म्हणाले असतील तर सरकारमधल्या कोणीतरी खडा टाकून पाहिला असण्याची शक्यता आहे. दोन्ही वाक्ये दिसायला सारखी, वजन पूर्ण निराळे.

म्हणजे सहीचा लेख सरकारपासून मोकळाच असतो, असेही नाही. मालक सरकारी कंत्राटे घेणारा असेल तर कोणत्या लेखकाला कोपरा मिळतो हे तिथेच ठरते. ‘सबाह’ किंवा ‘येनी शफाक’ उघडले की याचा अंदाज येतो. विरोधक अशा पत्रांना ‘यांदाश’ म्हणतात, म्हणजे बाजू धरणारे. पण तिथेही सरकारचा सूर ऐकू येतो तो माणसांच्या निवडीतून. निनावी अग्रलेखातून नाही. आपण शोधतो भलत्या जागी.

परदेशी मित्रांचा विषय निघाला की ही गल्लत दुप्पट होते, कारण आपण आणखी एक समजूत सोबत नेतो: धर्मनिरपेक्ष पेपर पाश्चात्त्यांच्या बाजूचे, धार्मिक वळणाचे पेपर त्यांच्या विरोधात. तुर्कस्तानात हे गणित कधीच नीट बसलेले नाही. १ मार्च २००३ घ्या. इराकवर जाणाऱ्या अमेरिकी सैन्याला तुर्की भूमी वापरू द्यायचा ठराव एर्दोआन यांच्या ‘एके’ (AK) पक्षाच्या सरकारनेच आणला होता. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूची मते जास्त, तरी ठराव पडला, कारण हजर सदस्यांचे बहुमत, म्हणजे २६७, लागत होते. युद्धाला विरोध करणारे लेख डाव्या केमालवादी ‘जुम्हुरियेत’मध्ये येत होते आणि धार्मिक वळणाच्या ‘येनी शफाक’मध्येही. उलट त्या दशकात युरोपीय संघाच्या प्रवेशासाठी हिरिरीने लिहिणाऱ्यांत एके पक्षाकडे झुकणारे स्तंभलेखक पुढे होते, कारण युरोपच्या अटींमुळे राजकारणात हात घालणाऱ्या लष्कराचे पंख छाटले जात होते. राष्ट्रवादी केमालवादी त्याच अटींकडे संशयाने पाहत.

तेव्हा ‘अमेरिका आपली मित्र नाही’ हे वाक्य क्योशेत आले की मी आधी विचारतो: हा घरात कोणाशी भांडतो आहे? ‘स्योझ्जू’तल्या लेखकाने लिहिले असेल तर बाण बहुधा एर्दोआनवर असतो. ‘विस्तृत मध्यपूर्व’ या अमेरिकी प्रकल्पाचे आपण सहअध्यक्ष आहोत असे एर्दोआन यांनी सत्तेच्या पहिल्या वर्षांत जाहीरपणे सांगितले होते, आणि विरोधी लेखक वीस वर्षे ते वाक्य काढून दाखवत आहेत. तेच वाक्य ‘येनी शफाक’मध्ये आले तर रोख विरोधकांवर असतो: बाहेरच्या शक्ती आणि आतले त्यांचे हस्तक. २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर, ज्यांच्यावर सरकारने बंडाचा ठपका ठेवला ते धर्मगुरू गुलेन अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बसलेले असताना, हा सूर फार चढला होता. वाक्य एक, अर्थ एकमेकांच्या अगदी उलट. अनुवाद करून ‘तुर्की माध्यमे अमेरिकेवर नाराज’ असा मथळा दिला की दोन्ही अर्थ गेले आणि हातात काहीच उरले नाही.

हे लेख घरच्यांसाठी लिहिलेले असल्याने त्यांत खुलासेही नसतात. एखादा नुसता ‘जॉन्सन मेक्तुबू’ लिहितो, जॉन्सनचे पत्र. जून १९६४ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी सायप्रसमध्ये उतरू नका म्हणून बजावलेले ते पत्र. जानेवारी १९६६ मध्ये ‘हुर्रियेत’ने छापले, तेव्हापासून ते दोन शब्दच पुरतात. दुसरा एखादा ‘चुवाल’ एवढेच लिहितो. चुवाल म्हणजे पोते. ४ जुलै २००३ रोजी उत्तर इराकमधल्या सुलेमानियात अमेरिकी सैनिकांनी तुर्की सैनिकांना पकडून त्यांच्या डोक्यांवर पिशव्या चढवल्या, मित्रराष्ट्राच्या सैनिकांच्या. आपल्याला ‘पानिपत’ म्हटल्यावर पुढचे सांगावे लागत नाही, तसेच हे. यंत्राने केलेल्या अनुवादात तिथे नुसते ‘पोते’ येते आणि वाचक गोंधळून पुढे जातो.

आणि शेवटी तो एक प्रत्यय, ज्याच्यासाठी मी खरे तर हे लिहायला बसलो. तुर्की लेखक अमेरिकेला ‘दोस्त वे म्युत्तेफिक’ म्हणतात, दोस्त आणि मित्रराष्ट्र. सरकारी निवेदनात ते गंभीरपणे येते, क्योशेत बहुतेक वेळा अवतरणचिन्हांत, टोमणा म्हणून. राग वाढला की लेखक ‘मिश’ जोडतो: ‘म्युत्तेफिकमिश’. हा प्रत्यय ऐकीव गोष्टीला लागतो, स्वतः न पाहिलेल्या, आणि मनाला न पटलेल्यालाही. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे: ‘म्हणे’. ‘मित्रराष्ट्र आहे म्हणे!’ मराठी माणसाला हा सूर समजावून सांगावा लागत नाही. पण आपल्याकडे तुर्की मजकूर येतो तो इंग्रजीच्या वाटेने, आणि इंग्रजीला हा प्रत्यय नाही. मागे एका अभ्यासगटात असाच एक अनुवाद फिरला होता. मूळ वाक्य होते, ‘मित्रराष्ट्र आहे म्हणे.’ मराठीत पोचले तेव्हा ते झाले होते, ‘अमेरिका आमचे मित्रराष्ट्र होते, तुर्की वृत्तपत्राची कबुली.’ त्यावर साठ-सत्तर प्रतिक्रिया आल्या. लेखकाचे नाव कोणी विचारले नाही, आणि ‘म्हणे’ तर वाटेतच गळून पडला होता.