जुना रिसीव्हर ठेवा, डिकोडर बाहेरून जोडा
कमी खर्चात ५.१ आवाज (पाच स्पीकर, एक सबवूफर) : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नव्वदच्या दशकात घेतलेला यामाहा, ओंक्यो, सोनी किंवा डेननचा रिसीव्हर (स्पीकर चालवणारं ॲम्प्लिफायरचं यंत्र) घरात असेल, तर तो भंगारात देण्याआधी हे पत्रक वाचा. अशा यंत्रांचे ट्रान्सफॉर्मर भारी असतात आणि ॲम्प्लिफायर बहुतेक वेळा आजही ठणठणीत चालतो. जुना झालेला असतो तो फक्त डिकोडर, म्हणजे आवाज उलगडून प्रत्येक स्पीकरचा वेगळा करणारा भाग. त्या काळच्या अनेक रिसीव्हरमध्ये डॉल्बी प्रो लॉजिक आहे, १९८७ मध्ये घरगुती यंत्रांत आलेलं. ते दोन चॅनेलच्या आवाजातून मधला आणि मागचा आवाज वेगळा काढतं. पुढे डीव्हीडीबरोबर डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस हे ५.१ आवाजाचे डिजिटल प्रकार घरोघरी पोहोचले. ते या रिसीव्हरला उलगडता येत नाहीत. तेवढ्यासाठी सगळंच बदलायचं कारण नाही. डिकोडर बाहेरून जोडा आणि उरलेले पैसे चांगल्या सेंटर स्पीकरवर घाला, असंच आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आधी रिसीव्हरची मागची बाजू बघा

तिथे सहा आरसीए सॉकेट (लाल-पांढऱ्या ऑडिओ केबलचे गोल सॉकेट) एकत्र दिसतात का? त्यांवर '५.१ इनपुट', 'मल्टी चॅनेल इन', 'एक्स्टर्नल डिकोडर' किंवा '६ सीएच इनपुट' असं छापलेलं असतं. पुढच्या पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल रेडी' लिहिलेलं असेल, तर आत डिकोडर नाही, पण तो जोडायची सोय आहे. काही मॉडेलमध्ये सहा सॉकेटऐवजी २५ पिनांचं एकच सॉकेट असतं. त्याला वेगळी केबल लागते, ती आम्ही बनवून देतो.

सॉकेट असतील तर काम सोपं आहे. तळहाताएवढा डिकोडर बॉक्स काही हजार रुपयांत मिळतो. एका बाजूने टीव्हीची ऑप्टिकल, कोॲक्सियल किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआय सॉकेट) केबल आत जाते आणि दुसऱ्या बाजूने सहा आरसीए बाहेर येतात. मात्र बॉक्सवर ५.१ छापलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. काही बॉक्स स्टिरिओ आवाजच सहा ठिकाणी वाटतात. खात्री करायची तर एकेक चॅनेल आळीपाळीने बोलणारी टेस्ट क्लिप लावा. 'रिअर लेफ्ट' हे शब्द फक्त मागच्या डाव्या स्पीकरमधून आले पाहिजेत. सगळ्यांतून आले, तर तो बॉक्स घेऊ नका.

त्याहून स्वस्त उपाय कदाचित तुमच्या माळ्यावर असेल. बऱ्याच जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या मागे हेच सहा सॉकेट असतात, कारण डिकोडर प्लेअरमध्येच असतो. खर्च फक्त केबलचा. अर्थात यावर डिस्कच चालतील, टीव्हीवरचं ओटीटी नाही.

डिकोडर जोडला, तरी आवाज दोनच चॅनेलमध्ये येतो

आमच्याकडे येणारी सर्वाधिक तक्रार हीच, आणि दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. टीव्हीचा डिजिटल ऑडिओ आउट 'पीसीएम'वर (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) असेल, तर ऑप्टिकलमधून फक्त स्टिरिओ बाहेर पडतो आणि डिकोडरचा डॉल्बीचा दिवा लागत नाही. तिथे 'डॉल्बी डिजिटल', 'बिटस्ट्रीम', 'पास थ्रू' किंवा 'ऑटो' यांपैकी जे असेल ते निवडा. एआरसी वापरत असाल तर सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना सूचना देण्याची सोय) चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक आणि सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक म्हणतात.

काही टीव्ही एचडीएमआयवरून आलेला ५.१ आवाज ऑप्टिकलमधून स्टिरिओ करूनच सोडतात. अशा वेळी टीव्हीला वगळा आणि सेट-टॉप बॉक्सची ऑप्टिकल केबल थेट डिकोडरला लावा. ऑप्टिकलचीही मर्यादा लक्षात ठेवा: डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी तिच्यातून जात नाही, आणि छतातून आवाज देणारं ॲटमॉस या जोडणीत मिळणार नाही. तिचा एक फायदा मात्र मोठा आहे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे केबल टीव्हीच्या वायरमधून येणारं हमिंग थांबतं.

बास आणि अंतर

सहा सॉकेटमधून आलेला आवाज बहुतेक जुन्या रिसीव्हरमध्ये थेट व्हॉल्यूमकडे जातो. रिसीव्हरमधली बास वाटणारी आणि अंतर जुळवणारी व्यवस्था त्याला लागू होत नाही. म्हणून ही सेटिंग डिकोडरमध्ये किंवा प्लेअरमध्येच करा. छोटे स्पीकर असतील तर 'स्मॉल' निवडा, म्हणजे खालचा बास सबवूफरकडे वळतो. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. पुढचे स्पीकर तुमच्यापासून ३ मीटरवर आणि मागचे दीड मीटरवर असतील, तर मागच्यांना साधारण ४.४ मिलिसेकंदांचा डिले (उशीर) द्या, म्हणजे सगळ्यांचा आवाज एकाच वेळी पोहोचतो. सबवूफर दबल्यासारखा वाटला तर घाबरू नका. त्याचा चॅनेल १० डेसिबल वाढवून ऐकायचा असतो आणि या इनपुटवर ती वाढ अनेकदा मिळत नाही. सबवूफरच्या बटणाने भरून काढा.

सहा सॉकेट नसतील तर

रिसीव्हरमध्ये प्रो लॉजिक असेल, तर एकही पैसा न खर्चता बरंच काही मिळतं. प्लेअरच्या मेनूत डाउनमिक्स (सहा चॅनेल दोनमध्ये मिसळण्याची सेटिंग) 'एलटी/आरटी' किंवा 'सराउंड' ठेवा, लाल-पांढरी केबल जोडा आणि रिसीव्हरवर प्रो लॉजिक लावा. संवाद मधल्या स्पीकरमधून स्पष्ट येतात. मागचे दोन्ही स्पीकर सारखाच आवाज देतात, तोही सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंतच, पण सिनेमातला पाऊस आणि गर्दी मागून नक्की ऐकू येते. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउट असेल तर मध्ये एक साधा डीएसी (डिजिटल आवाज लाल-पांढऱ्या केबलसाठी बदलणारा छोटा बॉक्स) लावा आणि टीव्ही 'पीसीएम'वर ठेवा.

डिकोडर विकण्याआधी आम्ही रिसीव्हर तपासतो. वर्षानुवर्षं न वापरलेल्या सेंटर आणि मागच्या चॅनेलच्या स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे) पॉइंट काळे पडतात. मग हळू आवाजात तो चॅनेल गायब होतो आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येतो. हा दोष काढला नाही, तर नव्या डिकोडरवर उगाच खापर फुटतं. तपासणीला रिसीव्हर आणताना रिमोटही आणा. बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये सेंटर आणि मागच्या स्पीकरची लेव्हल रिमोटवरूनच बदलता येते.