कपाचा न दिसणारा कान

पाच-सहा वर्षांच्या मुलासमोर एक कप ठेवायचा. कपाचा कान मागच्या बाजूला वळवलेला, म्हणजे मुलाला तो दिसत नाही. पुढच्या बाजूला एक फूल रंगवलेलं आहे, ते मात्र स्पष्ट दिसतंय. मग मुलाला सांगायचं, "तुला दिसतोय तसा कप काढ." नॉर्मन फ्रीमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासोबत केलेला हा प्रयोग १९७२ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलांनी न दिसणारा कान आवर्जून काढला आणि डोळ्यांसमोरचं फूल गाळलं. आठच्या आसपासची मुलं नेमकं उलट करू लागली: फूल कागदावर आलं, कान गेला.

लहान मुलांनी चूक केली असं म्हणणं सोपं आहे, पण त्यांचा विचार पक्का होता. कपाला कान असतो, म्हणूनच तो कप. फूल नसलं तरी कपाचं काही बिघडत नाही. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ सालीच लिहून ठेवलं होतं की मूल जे दिसतं त्यापेक्षा जे ठाऊक आहे ते काढतं. म्हणूनच मुलांच्या चित्रांतल्या घराच्या भिंती पारदर्शक असतात आणि आत बसलेली माणसं बाहेरून दिसतात.

ठाऊक असलेलं आणि दिसणारं यांतला फरक ओळखायला शिकणं ही मुलाच्या वाढीतली फार मोठी गोष्ट आहे. 'मला इथून असं दिसतं, समोरच्याला तिकडून वेगळं दिसत असेल' ही समजही याच वाटेवर येते. माझ्या मते कलाशिक्षणाची खरी बाजू इथे आहे. पण पालकसभेत चित्रकलेच्या तासाची बाजू मांडायची वेळ आली की आपण चटकन गणिताच्या गुणांकडे वळतो: कला शिकली की मुलं हुशार होतात, अभ्यासात पुढे जातात, वगैरे.

हा दावा असा सरसकट टिकत नाही. 'मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते' हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याचं मूळ 'नेचर' नियतकालिकात १९९३ साली आलेल्या एका छोट्या लेखात आहे. तो प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, त्यात एकही लहान मूल नव्हतं. आणि अवकाशीय तर्काच्या, म्हणजे आकार मनातल्या मनात फिरवून-जुळवून पाहण्याच्या, चाचणीतला फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. तरीही १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायचा प्रस्ताव मांडला.

नुसतं ऐकणं वेगळं आणि शिकणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी कॅनडात सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट केले. काहींना वर्षभर कीबोर्ड किंवा गाणं शिकवलं, काहींना नाट्य, आणि काहींना काहीच नाही. २००४ साली आलेले निष्कर्ष असे: संगीताच्या गटांचा बुद्ध्यंक सरासरी सात गुणांनी वाढला, बाकीच्यांचा ४.३ने. फरक खरा, पण जेमतेम तीन गुणांचा. मला त्यातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. इतरांशी जुळवून घेण्यात फक्त नाट्यगटातल्या मुलांची प्रगती दिसली. रोज दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं, समोरचा काय म्हणतोय ते ऐकून मग आपलं वाक्य म्हणायचं. सराव झाला तो याचा, आणि वाढलंही तेच.

ह्यूस्टनमधल्या ४२ शाळांच्या अभ्यासातही असंच चित्र दिसलं. तिसरी ते आठवीच्या १०,५४८ विद्यार्थ्यांचा हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या शाळांना जादा कलाशिक्षण मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, त्यामुळे 'मुळात चांगल्या शाळांनाच कला मिळाली' ही शंका उरत नाही. त्या शाळांत शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्या, लेखनाचे गुण सुधारले आणि दुसऱ्याच्या दुःखाबद्दलची कणव वाढलेली दिसली.

हे सगळं घडतं, पण मूल स्वतः काढतं, घडवतं, खोडतं तेव्हा. छापील चित्रात रंग भरून घेणं म्हणजे कलाशिक्षण नव्हे. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे दिली: हाताने काढायला, गिरवायला आणि कीबोर्डवर दाबायला. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा वाचनाशी निगडित भाग स्वतः काढलेल्या अक्षरांनी जागे झाले. गिरवलेल्या आणि दाबलेल्या अक्षरांनी तसं झालं नाही. प्रयोग अक्षरांचा आहे, चित्रांचा नाही, हे खरं. पण हाताने काढलेला आकार दरवेळी थोडा वेगळा, थोडा वाकडा येतो, आणि त्यातूनच आकाराचं मर्म कळत असावं, हे त्या संशोधकांचं म्हणणं मला पटतं.

आणि बक्षिसं? १९७३ सालचा एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवा. चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं, 'स्केचपेनने चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल.' सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र त्यांना मिळालंही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात तेच स्केचपेन पुन्हा ठेवले, या वेळी कसलंही आमिष नाही. ही मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना काही न सांगता नंतर बक्षीस दिलं होतं, त्यांची आवड मात्र टिकली. चित्रकला स्पर्धांचा मारा करताना हे आठवायला हवं.

नऊ-दहाव्या वर्षी एक वेगळीच अडचण येते. 'मला चित्र येत नाही' हे वाक्य याच वयात ऐकू येऊ लागतं. मुलाची नजर आता पुढे गेलेली असते, हात मागे राहिलेला असतो, आणि आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही हे त्याला झोंबतं. अनेक मुलं इथेच चित्र सोडतात, कायमची. या वयात 'छान आहे' म्हणून भागत नाही. कसं बघायचं ते शिकवावं लागतं. एक जुना, चांगला सराव आहे. मुलाला खुर्ची काढायला सांगायचं नाही, खुर्चीच्या पायांमधल्या आणि दांड्यांमधल्या रिकाम्या जागा तेवढ्या काढायला सांगायच्या. खुर्ची कशी असते हे डोक्यात तयार असतं आणि हात तेच उतरवत जातो. रिकाम्या जागेचं असं तयार चित्र डोक्यात नसतं, म्हणून डोळ्याला ती खरोखर बघावीच लागते. सगळ्या जागा काढून झाल्या की मधे खुर्ची उमटते, आणि बहुतेक वेळा त्या मुलाने आजवर काढलेल्या कुठल्याही खुर्चीपेक्षा ती जास्त बरोबर असते.