कपाळ पुढं आलंय, पण आत नुसती हवा

माझा एक मामेभाऊ आहे तासगावचा, विशी ओलांडली आणि त्याचं भुवयांच्या वरचं कपाळ हळूहळू पुढं यायला लागलं. दुखत नाही खुपत नाही, फक्त हेल्मेट बसेना. मामी म्हणायची हाड वाढलंय, शेजारचे गाठ म्हणायचे, पोरं तर "कुठं आपटलास काय रं?" शेवटी मिरजेत सीटी स्कॅन काढला (दवाखाना म्हटलं की आमच्याकडं मिरजच) तर त्या जागी सगळं काळं. काळं म्हणजे हवा, आणि पुढचं हाड उलट पातळ!

आपण 'मला सायनस आहे' म्हणतो पण सायनस सगळ्यांनाच असतात, कवटीतल्या पोकळ्या त्या. कपाळातली पोकळी जन्मताना जवळजवळ नसतेच, सहा-सात वर्षांचं झाल्यावर एक्स-रेत दिसायला लागते, विशीच्या आसपास वाढ थांबते. क्वचित कुणाची थांबत नाही. याला न्यूमोसायनस डायलाटन्स म्हणतात, जास्त करून तरुण पुरुषांत दिसतं. कारण पक्कं ठरलेलं नाही, पण एक अंदाज मला पटतो, तो म्हणजे सायनसची नाकात उघडणारी वाट सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी वागते, हवा आत जाते पण परत येत नाही.

मग वरून घासून सपाट का करत नाहीत? हाड पातळ, घासलं की भोकच पडायचं. म्हणून केसांच्या आत या कानापासून त्या कानापर्यंत चीर घेतात, तीही बऱ्याचदा नागमोडी, म्हणजे केस ओले झाले तरी व्रणावर भांग पडत नाही. कातडी भुवयांपर्यंत खाली सोलतात (ऐकून माझ्याच पोटात गोळा आला), सायनसची हद्द कळावी म्हणून कधी आत उजेड सोडतात, कपाळ आतून कंदिलासारखं उजळतं. मग पुढची भिंत कापून बाहेर काढायची, तिचे तुकडे करून फुगवटा मोडायचा आणि मागं सरकवून टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या-स्क्रूंनी बसवायची. वाट अडलेली असेल तर नाकातून दुर्बीण घालून तीही मोकळी करतात, नाहीतर हवा परत कोंडायची.

भावाचे डोळे आठवडाभर सुजून बारीक झालेले. हेल्मेट आता बसतं. फक्त कपाळाच्या वर कंगवा फिरवला की कळत नाही म्हणतो, तिथल्या नसा जाग्या व्हायला काही महिने जातात.