डॅमेजवरून टँककडे: भूमिकाबदल इतका महाग का होता?

ऑनलाइन खेळात डंजनसाठी, म्हणजे ग्रुपने मिळून पार करायच्या राक्षसांच्या गुहेसाठी, डॅमेजवाला (राक्षसाला हाणणारा) म्हणून नाव नोंदवून बराच वेळ ताटकळलेल्या खेळाडूच्या मनात कधी ना कधी येतंच, की आपणच टँक (मार अंगावर घेणारा) झालो तर? टँकची रांग लगेच सुटते हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही बहुतेक जण तो विचार मनातच ठेवतात. त्यांना घाबरट म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात हा बदल वर्षानुवर्षं खरोखरच महाग होता. त्याची किंमत हप्त्याहप्त्याने उतरत गेली आणि एक हप्ता तर अगदी अलीकडेपर्यंत बाकी होता.

एकाने मार अंगावर घ्यायचा, एकाने त्याला जगवायचं, बाकीच्यांनी हाणायचं, ही विभागणी ग्राफिक्स येण्याआधीची आहे. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' हा निव्वळ मजकुरावर चालणारा खेळ खुला केला. 'टँक' हा शब्द रुळला तो 'मड' म्हणवल्या जाणाऱ्या अशाच खेळांमधून. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'ने तेच वळण त्रिमितीत आणलं. सहा जणांचा ग्रुप, त्यात राक्षसाला डिवचून स्वतःकडे खेचणारा वॉरियर आणि त्याच्या मागे त्याला जगवणारा क्लेरिक. वॉरक्राफ्ट घडवणाऱ्यांपैकी रॉब पार्डो आणि जेफ कॅपलन हे दोघेही एव्हरक्वेस्टमध्ये गिल्ड (खेळाडूंचा संघ) चालवलेले खेळाडू होते. त्यामुळे नोव्हेंबर २००४ मध्ये वॉरक्राफ्ट आला तेव्हा ही तीन भूमिकांची घडी त्यात असणारच होती.

खरी मेख थ्रेटमध्ये होती. राक्षस कोणावर किती चिडला आहे याचा खेळ आतल्या आत हिशोब ठेवतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्यावर तो धावून जातो. वॉरियरने बचावाचा पवित्रा घेतला की त्याला १० टक्के मार कमी बसायचा, त्याचा स्वतःचा डॅमेजही १० टक्के घटायचा, पण थ्रेट ३० टक्के वाढायचा. जवळून लढणाऱ्याने टँकच्या थ्रेटच्या ११० टक्के आणि लांबून मारणाऱ्याने १३० टक्के ओलांडले की राक्षस त्याच्याकडे वळायचा. हे आकडे पडद्यावर कुठेच दिसत नसत. म्हणून टँकचे पाच संडर (थ्रेट वाढवणारे वार) बसेपर्यंत हात आवरायचा, असा डॅमेजवाल्यांचा अलिखित नियम होता. पुढे थ्रेट मोजणारे ॲडऑन, म्हणजे खेळाला जोडायचे छोटे प्रोग्राम, आले, पण ते अंदाज बांधत आणि सगळ्यांनी बसवले असतील तरच उपयोगी पडत.

डॅमेजवरून टँककडे जाणाऱ्याला हे सगळं उलट्या बाजूने शिकावं लागे. डॅमेजवाला बॉसच्या, म्हणजे मुख्य राक्षसाच्या, पाठीशी उभा असतो. टँकला बॉसचं तोंड ग्रुपपासून फिरवून धरायचं असतं, म्हणजे तो एकटाच समोर. मी बरीच वर्षं पाठीमागून लढल्यावर पहिल्यांदा समोर उभा राहिलो तेव्हा ओळखीची डंजनसुद्धा मला अनोळखी वाटली. कोणता घोळका कुठून वळवायचा हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ते काम नेहमी दुसरा कोणीतरी करत आला होता.

त्यात पैशांचा प्रश्न. टॅलेंट (पात्राची निवडलेली कौशल्यं) बदलायला सुरुवातीला खेळातलं १ गोल्ड लागे आणि दर वेळी दर वाढत ५० गोल्डपर्यंत जाई. संध्याकाळी रेडमध्ये (मोठ्या ग्रुपच्या मोहिमेत) टँक आणि दिवसा एकट्याने क्वेस्ट करायला डॅमेज, असं करणाऱ्याचा खिसा रिकामा व्हायचा. शिवाय गिअर, म्हणजे चिलखत-हत्यारं, वेगळं. रेड बॉसचा क्रिटिकल (नेहमीपेक्षा जोराचा) वार बसू नये म्हणून ६० व्या लेव्हलला चिलखतातून वाढणारा डिफेन्सचा आकडा ४४० हवा असे, ८० व्या लेव्हलला ५४०. डॅमेजच्या चिलखतावर तो नसायचा. म्हणजे दुसरा संच मिळवायचा, आणि तो मिळवायला आधी कोणीतरी टँक म्हणून सोबत न्यायला हवं. ४० जणांच्या रेडला टँक मोजकेच लागत, तेव्हा नवख्याला ती संधी कोण देणार?

ऑक्टोबर २००८ पासून थ्रेटचे खरे आकडे खेळच ॲडऑनना पुरवू लागला. एप्रिल २००९ मध्ये १००० गोल्ड भरून दोन स्पेक (टॅलेंटचे संच) बाळगण्याची सोय आली. माझ्या मते आजवरचा सगळ्यांत मोलाचा बदल हाच. टँक होणं हा कायमचा निर्णय राहिला नाही, एखाद्या संध्याकाळपुरतं करून पाहता येऊ लागलं.

मग डिसेंबर २००९ मध्ये आपोआप ग्रुप जुळवणारा डंजन फाइंडर आला आणि टँकचा तुटवडा घड्याळात दिसू लागला. वेगवेगळ्या सर्व्हरचे अनोळखी लोक एकत्र येऊ लागले, ओळखीने सांभाळून घेणारं कोणी उरलं नाही. एप्रिल २०११ मध्ये कंपनीने कमी पडणाऱ्या भूमिकेसाठी बक्षिसाची पिशवी ठेवली. मला ती कधीच पटली नाही. पिशवीसाठी आलेला माणूस पिशवी घेऊन जातो, टँकिंग शिकायला थांबतोच असं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टँकचा थ्रेट त्याच्या स्वतःच्या डॅमेजच्या तिपटीवरून पाचपटीवर नेला गेला, तो उपाय जास्त प्रामाणिक होता. २०१४ मध्ये स्पेकप्रमाणे बदलणारं चिलखत आलं, २०१६ मध्ये स्पेक बदलणं फुकट झालं.

'फायनल फँटसी १४'मध्ये तर हत्यार बदललं की भूमिका बदलते, फक्त त्या जॉबची लेव्हल वेगळी वाढवावी लागते. तिथे २०१९ मध्ये टँकच्या पवित्र्यामुळे घटणारा डॅमेजही पूर्ववत केला गेला. 'ओव्हरवॉच' या नेमबाजीच्या सांघिक खेळाने त्याच वर्षी भूमिकेनुसार रांगा लावल्या, तेव्हा डॅमेजची रांग लांबली.

गोल्ड, गिअर आणि थ्रेट हे तिन्ही अडसर गेले, तरी अनोळखी चार जणांसमोर चुकण्याचा संकोच उरलाच. डॅमेजवाल्याची चूक आकड्यांत लपते, टँकची चूक सगळ्यांना मारते. यावरचा उपाय जानेवारी २०२४ मध्ये आला. वॉरक्राफ्टच्या 'ड्रॅगनफ्लाइट' या विस्ताराच्या आठही डंजनमध्ये नॉर्मल पातळीवर संगणकाने चालवलेली चार पात्रं सोबत घेऊन स्वतः टँक होता येऊ लागलं. घोळका चुकीचा ओढला तरी ती ग्रुप सोडून जात नाहीत, आणि रस्ता आठवत टँक थांबून राहिला तर त्यांच्यातलंच एखादं पुढे होऊन वाट दाखवतं.