घड्याळाची जनुके आणि घड्याळ पाहून चालणारी जनुके

अंडाशयाच्या कर्करोगात ‘जैविक घड्याळाची जनुके बिघडली’ असे वाचले, की आधी विचारावे: घड्याळच बिघडले, की घड्याळ पाहून काम करणारे एखादे जनुक?

घड्याळ मोजक्या जनुकांचे असते. क्लॉक आणि बीमॅल१ यांची प्रथिने जोडीने डीएनएवरच्या ‘सीएसीजीटीजी’ या सहा अक्षरांवर बसतात व पिरियड आणि क्रिप्टोक्रोम जनुके चालू करतात. त्यांची प्रथिने साठली, की ती पेशीकेंद्रात शिरून त्याच जोडीला रोखतात. ती नष्ट झाली, की पुन्हा पहिल्यापासून. एका फेऱ्याला साधारण २४ तास. (क्लॉक हे यातल्या एकाच जनुकाचेही नाव, निम्मा गोंधळ तिथलाच.)

वी१ हे जनुक दुसऱ्या गटातले, म्हणजे घड्याळ पाहून चालणारे. उंदराच्या यकृतात त्याची पातळी याच जोडीमुळे वरखाली होते. काम मात्र वेगळे: पेशीला विभाजनात ढकलणाऱ्या सीडीके१ या प्रथिनाला अडवून पेशीला विभाजनाआधी थांबवणे. अंडाशयाच्या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, उच्च श्रेणीच्या सीरस गाठींत, टीपी५३ हे खराब डीएनए असलेल्या पेशीला आधीच्या टप्प्यावर अडवणारे जनुक जवळजवळ नेहमीच बिघडलेले असते. हा पहिला तपासणी नाका गेल्यामुळे या पेशी वी१च्या नाक्यावर विसंबतात. म्हणूनच अ‍ॅडाव्होसर्टिब हे वी१रोधक औषध या रुग्णांमध्ये तपासले गेले. ते घड्याळाचे औषध नव्हे.

कसोटी सोपी आहे. बीमॅल१ काढले, तर लयच थांबते. वी१ काढले, तर घड्याळ चालू राहते, पण पेशी खराब डीएनएसह विभाजनात शिरते.

खरी चूक होते मोजताना. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा म्हणजे एका क्षणाचे चित्र. सकाळी ९ आणि दुपारी ३ वाजता घेतलेल्या निरोगी ऊतींतही पिरियड२ची (पिरियड जनुकांपैकी एकाची) पातळी वेगळी येऊ शकते. म्हणून ‘पिरियड२ कमी’ एवढ्यावरून घड्याळ बंद ठरत नाही. नमुन्याची वेळ नोंदलेली हवी.

प्रयोगशाळेतल्या पेशींची अडचण वेगळी: प्रत्येक पेशी आपापल्या वेळेवर, त्यामुळे सरासरी सपाट दिसते. आधी १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) किंवा २ तास ५० टक्के घोड्याचे सीरम देऊन सगळ्यांना एका वेळेवर आणावे, माध्यम बदलावे, मग दर ४ तासांनी ४८ तास नमुने घ्यावेत. घड्याळ शाबूत असेल, तर बीमॅल१ चढताना पिरियड२ उतरते. ही उलटसुलट चाल टिकून असेल आणि फक्त वी१ सपाट असेल, तर बिघाड घड्याळाच्या पुढे शोधावा.