वैमानिकाच्या पोटरीला बांधलेलं पाणी

लढाऊ विमानाकडे चालत निघालेल्या वैमानिकाच्या कमरेजवळ एक जाड रबरी नळी लोंबत असते. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास असे व्हिडिओ घरोघरच्या ग्रुपवर फिरतात आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं, "ही ऑक्सिजनची नळी. वर हवा विरळ असते ना!" ऑक्सिजनची नळी असते, पण ती तोंडावरच्या मास्कला जोडलेली. कमरेची नळी पोट, मांड्या आणि पोटऱ्यांवर आवळून बसवलेल्या पिशव्यांत हवा भरते. श्वासाशी तिचा काही संबंध नाही. रक्त पायांत उतरून तिथेच साठू नये, एवढ्यासाठी ती आहे. या कपड्याला जी-सूट म्हणतात. लढाईत वापरला गेलेला पहिला जी-सूट तयार केला तो कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठात कर्करोगावर काम करणाऱ्या एका संशोधकाने. त्यांचं नाव विल्बर फ्रँक्स.

कॅनडातल्या विमानांचा विषय निघाला की ठरलेली नावं पुढे येतात. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक गावी गोठलेल्या सरोवरावरून मॅककर्डी यांनी उडवलेलं 'सिल्व्हर डार्ट' हे एक. त्यामागे टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा गट होता. दुसरं 'ॲव्ह्रो एरो'. हे देखणं लढाऊ विमान २५ मार्च १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं आणि ११ महिन्यांच्या आत, २० फेब्रुवारी १९५९ रोजी, सरकारने तो प्रकल्पच गुंडाळला. तयार विमानं कापून भंगारात काढली. तिथल्या लोकांच्या मनाला ते अजून लागलेलं आहे. एक एरो कुणीतरी गुपचूप वाचवून लपवून ठेवलंय, अशी वदंताही चवीने सांगितली जाते. तिला कसलाही पुरावा नाही. एरोची हळहळ मला समजते, पण एरो सेवेत कधी आलंच नाही. फ्रँक्स यांची कल्पना आज जगातल्या प्रत्येक लढाऊ वैमानिकाच्या अंगावर आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येतो.

उकिडवं बसून एकदम उठलं की आपण म्हणतो, "डोळ्यांपुढे अंधारी आली." मराठीतला हा शब्दप्रयोग शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी चोख आहे. आधी डोळे जातात, मेंदू नंतर. असं का?

हृदय हा पंप धरा आणि डोकं म्हणजे इमारतीचा वरचा मजला. पंपाचा जोर तोच असला तरी जितकं वर जावं तितका पाण्याचा दाब कमी होतो, कारण मधल्या पाण्याच्या स्तंभाचं वजन त्या जोरातून वजा होतं. हृदयाजवळ रक्ताचा सरासरी दाब साधारण ९५ मिलिमीटर पारा इतका असतो. बसलेल्या माणसाचे डोळे हृदयापासून सुमारे ३० सेंटिमीटर वर. तेवढ्या उंचीच्या रक्ताचा दाब २३ मिलिमीटर भरतो. म्हणजे डोळ्यांपर्यंत पोहोचतात ७२. एवढ्यावर आपलं उत्तम चालतं.

आता विमान वळवा. ताशी ४८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १३३ मीटर, ४५० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या या शाळेतल्या सूत्राने त्वरण येतं सुमारे ३९.५, म्हणजे गुरुत्वाच्या चौपट. यालाच ४ जी म्हणतात. ७० किलोचा वैमानिक आसनावर २८० किलोचा होऊन बसतो. हाडं हे सोसतात, स्नायूही सोसतात. पण मान आणि छातीमधला तो ३० सेंटिमीटरचा रक्ताचा स्तंभही चौपट जड होतो. जणू चार मजली इमारत एका क्षणात सोळा मजली झाली आणि पंप तोच राहिला.

आकडे मांडून पाहा. २ जीला ९५ वजा ४६, उरले ४९. ३ जीला ९५ वजा ६९, उरले २६. ४ जीला ९५ वजा ९२, उरले फक्त ३.

पण डोळा ३ पर्यंत थांबत नाही. डोळ्याचा गोळा आत द्रव भरून ताठ ठेवलेला असतो आणि त्या द्रवाचा स्वतःचा दाब १५ मिलिमीटरच्या आसपास असतो. बाहेरून येणारं रक्त त्यापेक्षा जास्त जोराने आलं तरच आत शिरतं. वरच्या मजल्यावरच्या गॅस गीझरसारखंच हे. नळाला पाण्याची धार येत असते, पण ठरावीक दाबाच्या खाली गीझर पेटतच नाही. ३.५ जीला हिशोब १५ वर येतो आणि नेमकं तिथेच वैमानिकाच्या नजरेतले रंग फिके पडायला लागतात. मग कडा काळवंडतात, भुयारातून पाहिल्यासारखं दिसतं आणि शेवटी पूर्ण काळोख होतो. माणूस मात्र शुद्धीवर असतो. ऐकतो, बोलतो, दांडा धरून असतो, फक्त दिसत काही नाही.

मग मेंदू का तगतो? मेंदू कवटीत, द्रवात बसलेला असतो. जी वाढला की तो द्रवही खाली ओढला जातो आणि कवटीतला दाब घटतो. मेंदूतून खाली परतणाऱ्या शिरांमधलंही रक्त जड होऊन खाली खेचतं. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आतला दाब कमी झाला तरी बाहेरचाही तितकाच कमी होतो. वाहिनी उघडी राहायला नुसता आतला दाब पुरेसा नसतो. आतला वजा बाहेरचा, या फरकावर ते ठरतं. डोळ्याच्या गोळ्याला ही सवलत नाही. म्हणून अंधारी आणि बेशुद्धी यांच्यात साधारण एका जीचं अंतर सापडतं. त्यापुढे गेलं की मेंदूकडे चार-सहा सेकंदांपुरताच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि शरीराची रक्तदाब सावरणारी यंत्रणा जागी व्हायलाही निदान तितका वेळ लागतो. त्या शर्यतीत अनेक वैमानिक गेले. जर्मनांच्या स्टुका विमानात बुडी मारून झाल्यावर विमान आपोआप वर काढणारी सोयच केलेली होती, कारण चालवणाऱ्याची शुद्ध त्या क्षणी हरपू शकत असे.

याच आकडेमोडीवरून एक गोष्ट सांगून टाकतो. शीर्षासनाने मेंदूला जादा रक्त मिळतं आणि बुद्धी तल्लख होते, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. निरोगी मेंदू आपला रक्तपुरवठा स्वतः नियंत्रित करतो. दाब वाढला तर तो वाहिन्या आकसून प्रवाह होता तिथेच ठेवतो. डोळ्यातला दाब मात्र शीर्षासनात जवळपास दुप्पट होतो, हे मोजलेलं आहे. घरात कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे आसन करू देऊ नका.

तर, फ्रँक्स.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलं. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, रक्ताच्या काचेच्या नळ्या फिरवताना पहिला धडा मिळतो तो असा : समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं ठेवायचं, नाहीतर यंत्र टेबलावर चालायला लागतं. दुसरा धडा, जुन्या माणसांकडून मिळालेला : नळी ज्या धातूच्या कपात बसते त्यात थोडं पाणी घालायचं, नळ्या कमी फुटतात. मी वर्षानुवर्षं पाणी घालत आलो. का, ते फ्रँक्स यांच्याबद्दल वाचल्यावर नीट उमगलं.

फ्रँक्स यांच्याही नळ्या फुटत असत आणि त्यांचाही उपाय हाच होता, नळी द्रवात बुडवून फिरवायची. फिरताना नळीच्या आतला द्रव कित्येक पट जड होऊन काचेला बाहेर ढकलतो. बाहेरही द्रव असेल तर तोही तितकाच जड होतो आणि तितक्याच जोराने काच आत ढकलतो. मधल्या काचेला जाणवतो फक्त दोन्हींमधला फरक, तोही नगण्य. दुसरं महायुद्ध समोर उभं असताना फ्रँक्स यांच्या मनात आलं की माणूसही द्रवाने भरलेली नळीच आहे. त्यांनी उंदीर पाणी भरलेल्या रबरी आवरणात, म्हणजे चक्क निरोधमध्ये, मान बाहेर ठेवून फिरवले. गुरुत्वाच्या शंभरपटींहून जास्त त्वरण सोसून उंदीर जिवंत बाहेर आले.

माणसासाठी त्यांनी दुपदरी रबरी सूट शिवून घेतला. दोन पदरांमध्ये पाणी आणि बाहेरून न ताणणारं कापड. यातली खुबी पाहा. बसलेल्या माणसाच्या पोटऱ्या हृदयाच्या साधारण ७० सेंटिमीटर खाली असतात. १ जीला तिथे रक्ताचा ५५ मिलिमीटर जादा दाब असतो, ५ जीला पावणेतीनशेच्या घरात. पायांतल्या शिरा पातळ, फुग्यासारख्या. त्या फुगतात, रक्त तिथे साठतं, हृदयाकडे परत येत नाही. आणि जे परतच आलं नाही ते हृदय वर कुठून पाठवणार? पण पायाभोवती पाण्याचा स्तंभ असेल तर जी वाढताच पाणीही त्याच प्रमाणात जड होतं, कारण रक्ताची आणि पाण्याची घनता जवळजवळ सारखी. आतून पावणेतीनशे तर बाहेरूनही जवळपास तेवढेच. कळ फिरवायची नाही, पंप नाही, व्हॉल्व्ह नाही. जो जी रक्त खाली ओढतो तोच पाणीही खाली ओढतो. इतकं साधं उत्तर मला क्वचितच कुठे दिसलंय.

१९४० साली ऑन्टारियोतल्या कॅम्प बॉर्डन तळावर, छोट्या फ्लीट फिंच विमानातून, सूट घालून फ्रँक्स स्वतः वर गेले. सूट उभ्या मापाने बेतलेला होता. विमानात बसल्यावर जी वाढला तेव्हा त्याने पोटाशी असं काही आवळलं की वेदना असह्य झाल्या. पण डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. सगळं अंग झाकायची गरज नाही, मोक्याच्या जागा पुरेत, हे त्यातून कळलं. पुढे टोरोंटोत एग्लिंटन हंट क्लबच्या आवारात कॅनडाच्या हवाई दलाने माणसांना फिरवणारं भलंमोठं सेंट्रिफ्यूज उभारलं. दोस्त राष्ट्रांमधल्या अशा सुरुवातीच्या यंत्रांपैकी ते एक.

या सगळ्या कामाच्या पाठीशी फ्रेडरिक बँटिंग होते. आपल्याकडे घरटी एकाला तरी मधुमेह आहे, त्यामुळे इन्सुलिनवाले बँटिंग निराळे सांगायला नकोत. युद्धकाळात ते वैमानिकांच्या वैद्यकाकडे वळले होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये संशोधनाच्याच कामासाठी इंग्लंडला जाताना त्यांचं हडसन विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं आणि त्यात ते गेले. वय ४९.

फ्रँक्स यांचा सूट लढाईत उतरला नोव्हेंबर १९४२ मध्ये, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ओरानजवळ, ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकांच्या अंगावर. तो काम करत होता, यात शंका नव्हती. अडचण दुसरीच होती. वैमानिकाला हुकमाची वाट पाहत तासन् तास सज्ज बसावं लागतं, आणि पाण्याने भरलेला रबरी सूट घालून असं बसणं म्हणजे उकाड्याची शिक्षा. मान वळवून मागे शत्रू आहे का ते पाहायचं तरी अंग जड. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत तेव्हा हवेने फुगणारे सूट तयार होत होते. ते हलके होते, गरज पडेल तेव्हाच फुगायचे. शेवटी तेच टिकले. मात्र हवेला स्वतःचं असं वजन नसल्यासारखंच. जी वाढला हे तिला आपणहून कळत नाही. म्हणून विमानात वजन लावलेला व्हॉल्व्ह आला, दाबाखालची हवा आली, आणि ती सूटमध्ये पोहोचवायला कमरेची नळी आली.

एवढं करूनही सूटने सहनशक्ती वाढते ती साधारण एक ते दीड जीने. आजची विमानं ९ जीपर्यंत वळतात. उरलेलं वैमानिकाला अंगमेहनतीने भरून काढावं लागतं. पोटऱ्या, मांड्या, पोट दगडासारखं घट्ट करायचं, श्वास कोंडायचा आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात बदलायचा. कॉकपिटमधल्या व्हिडिओत ऐकू येणारा तो 'हिक्... हिक्...' आवाज धापेचा नाही. वैमानिक छातीतला दाब वाढवून स्वतःचं रक्त स्वतः वर ढकलत असतो.

गेल्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये 'लिबेले' नावाचा एक सूट तयार झाला. जर्मन भाषेत लिबेले म्हणजे चतुर, आपण लहानपणी शेपटीला दोरा बांधायचो तो कीटक. या सूटमध्ये खांद्यापासून घोट्यापर्यंत बारीक नळ्या शिवलेल्या आहेत आणि त्यांत द्रव भरलेला आहे. त्याला कमरेची नळी लागत नाही.